विमान उडेपर्यंत

“कुंदे, तुझा तो नखांचा रंग आण जरा.”

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. मी कॉलेजात असताना ज्या माणसानं माझी नेलपॉलिशची बाटली मोरीत ओतून दिली होती, तोच माणूस माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून माझ्याकडं नेलपॉलिश मागत होता.

“अण्णा, डाळिंबी आहे. चालेल?”

“रंगाशी मला कर्तव्य नाही. वाळल्यावर कडक झाला म्हणजे झालं.”

बाटली घेऊन मी बाहेर गेले. दिवाणावर दोन उशांच्या मध्ये विमान उलटं निजवलेलं होतं. चांगलं माझ्या दोन हातांएवढं, हलक्या बाल्सा लाकडाचं, पोटाखालची फळी उघडलेली. मुकुंद, म्हणजे माझा नवरा, टॉर्च धरून उकिडवा बसला होता. अण्णांनी बाटलीतली ती इवलीशी कुंचली काढली, शेपटीजवळच्या डाळीएवढ्या नटावर एक ठिपका दिला आणि फुंकर घातली.

“आता हा ठिपका तुटलेला दिसला, की समजायचं नटाला कोणाचा तरी हात लागला. कारखान्यात आमचा नियमच होता. इन्स्पेक्टरनं ठिपका दिला, की त्या जोडणीला देवाच्या बापानंही हात लावायचा नाही. खैरनार, टॉर्च इकडे. लक्ष कुठंय तुमचं?”

“इकडेच आहे, अण्णा,” मुकुंद म्हणाला.

स्वतःच्या जावयाला आडनावानं हाक मारणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. माझे वडील नाशिकजवळच्या विमानाच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. पायलटनं पुढं दांडा ओढला की मागं शेपटी बरोबर तेवढीच हलते की नाही, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अशा माणसाच्या मुलीनं चष्म्याच्या दुकानदाराशी लग्न केलं. अण्णा लग्नाला आले नाहीत. नंतर माझी आई अधूनमधून यायची, अण्णा मात्र कधी उंबरा ओलांडून आले नाहीत. आई गेली आणि ते पिंपळगावच्या घरात एकटे राहायला लागले.

मग त्या पावसाळ्याच्या शेवटी मागच्या अंगणात त्यांचा पाय घसरला. संध्याकाळी पडले ते सकाळी दूधवाला आला तेव्हा सापडले. रात्रभर चिखलात. हाक मारली असेल, नसेल, कोणाला ऐकू गेली नाही. मुकुंद गाडी करून गेला आणि त्यांना उचलून आमच्या घरी घेऊन आला. ताप उतरला, मनगटाची सूज उतरली, त्याच दिवशी अण्णांनी पिशवी भरली. लेकीच्या घरी राहायचं नसतं, पाहुणचार तर त्याहून घ्यायचा नसतो. हा त्यांचा हट्ट होता आणि त्यांच्या पिढीत तो कोणाला हट्ट वाटतही नसे. मी रडले, भांडले. भिंतीशी बोलावं तसं झालं.

त्यांना थांबवलं ते ह्या विमानानं. मुकुंद कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता, तेव्हापासूनचं त्याचं हे वेड. रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं एक खोकं त्यानं कधीतरी आणलं होतं, अर्धंमुर्धं जोडून माळ्यावर टाकलं होतं. पिशवी घेऊन निघताना ते अण्णांच्या नजरेस पडलं, त्यांनी खाली काढायला लावलं. त्यांनी उघडून आत बघितलं आणि कपाळाला आठ्या पडल्या.

“हे कोणी जोडलंय?”

“मी,” मुकुंद म्हणाला.

“दोन्ही दांड्या एकमेकींना घासतायत. हे वर जाईल आणि खाली येताना ऐकणार नाही. मरेल कोणीतरी.”

पिशवी खाली ठेवली गेली. पण अण्णांनी ठणकावून सांगितलंच: “मी पाहुणा म्हणून राहत नाहीये. काम आहे म्हणून थांबतोय. हे विमान उडालं की मी निघालो.”

तर असं होतं सगळं. विमान उडेपर्यंत अण्णा आमच्याकडे. उडालं, की परत त्या ओसाड घरात, त्या निसरड्या अंगणात.

विमानाच्या पोटात दोन छोट्या मोटरी होत्या, काड्यापेटीएवढ्या. प्रत्येकीपासून एक पोलादी तार निघायची आणि प्लास्टिकच्या बारीक पाइपमधून थेट शेपटीपर्यंत जायची. एक तार उभी फळी हलवायची, विमान डावी-उजवीकडे वळायला. दुसरी आडवी फळी, वर-खाली जायला. त्या तारांना अण्णा दांड्या म्हणायचे. दांडीच्या टोकाला आट्यांवर एक छोटी क्लिप बसायची, ती फळीला पकडायची; क्लिप फिरवली की दांडी लांब-आखूड व्हायची, म्हणून ती नटानं आवळून ठेवायची. दांडी सरळ जायला हवी, पाइपला मध्येच आधार हवा, एका दांडीनं दुसरीला शिवायचं नाही. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला फोडणी देतानासुद्धा ऐकू यायचं. एरवी दिवसभर घुम्यासारखा बसणारा माणूस दांड्यांवर तासभर बोलायचा. जेवायचासुद्धा. आई गेल्यापासून मी त्यांना दुसरी पोळी मागताना पाहिलं नव्हतं, ते आता मागायला लागले.

डाळिंबी ठिपके दिले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं तपासायचं ठरलं. मुकुंदनं रिमोट हातात घेतला. उभी फळी छान डावी-उजवी झाली. आडवी वर गेली आणि खाली येताना अडली. पोटातून मोटरीचा गुणगुणाट यायला लागला, डास कानाशी यावा तसा.

“बंद करा!” अण्णा ओरडले. “मोटर जोर लावतीये, दांडी येत नाहीये.”

पोटाखालची फळी उघडली. आत पाइपला दिलेला मधला आधार निखळला होता. पाइप लोंबून दुसऱ्या पाइपला टेकला होता.

“ह्याला डिंक कोणी लावला होता?”

“मीच,” मुकुंद खाली मान घालून म्हणाला.

“खैरनार, तुमच्या हाताला वळणच नाही. कागदाचं होडकं तरी येतं का करता?”

 मला इतका राग आला! माझ्या नवऱ्याला माझ्याच घरात असं बोलायचं? पण रागाच्याही आधी माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिरलं. तो आधार डिंक वाळल्यावर मी स्वतः बोटानं हलवून बघितला होता. दगडासारखा घट्ट होता. तो आपोआप निघतो कसा?

आता माझ्याबद्दल एक सांगते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते, परगावचे फोन जोडून द्यायचे. दिवसभर कानाला हेडफोन. कोण घाबरून बोलतंय, कोण बायकोशी थापा मारतंय, हे मला पहिल्या ‘हॅलो’त कळायचं. हे बरं नाही, स्वभाव संशयी होतो. मुकुंद चेष्टेनं म्हणायचा, तुझ्याशी बोलताना साधा ‘हो’सुद्धा जपून म्हणावा लागतो.

पहिला संशय माझ्या दिरावर गेला. विलासभाऊजी वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांना आमची ती पुढची खोली हवी होती, गणिताची शिकवणी काढायला. दिवाळीनंतर बोलू, असं मुकुंदनं सांगितलं होतं आणि मध्येच हे विमान येऊन पडलं होतं. विमान मोडलं तर अण्णा वैतागून जातील, खोली रिकामी. माझा हिशेब पक्का जमला. मी तरातरा जिना चढून गेले.

“भाऊजी, पुढच्या खोलीत तुम्ही कधी गेला होता?”

“मी? कशाला?”

“विमानाला कोणीतरी हात लावलाय.”

“वहिनी, मी परवापासून मालेगावला सासुरवाडीत होतो, आत्ता येऊन चप्पल काढतोय,” ते म्हणाले. मग आवाज बारीक करून, “आणि खरं सांगू का, तुमच्या वडिलांची मला भीती वाटते. मागच्या आठवड्यात जिन्यात भेटले तर मला म्हणाले, ‘कठड्याचा स्क्रू ढिला आहे, लाज वाटत नाही?’ मी त्यांच्या विमानाजवळ जाईन का?”

खरं बोलत होते. आवाज स्वच्छ होता. मी तोंड पाडून खाली आले.

अण्णांनी नवा आधार कोरला, ह्या वेळी डिंक स्वतः लावला. तो वाळेपर्यंत पाइपची वाट थोडी बदलली, तार पुन्हा सरळ केली. त्यात बरेच दिवस गेले. पुन्हा ठिपके दिले. माझी बाटली त्यातच संपली, शेवटचा ठिपका तर अण्णांनी काडीनं खरवडून काढला.

पुन्हा तपासणी. ह्या वेळी आडवी फळी लोण्यासारखी हलली. पण उभी फळी मध्यावर येईना, जरा डावीकडेच कलून राहायची.

अण्णा शेपटीशी वाकले. बराच वेळ वाकून बघत राहिले.  ते सरळ झाले आणि म्हणाले, “क्लिप दोन आटे फिरलीये. खैरनार, आवळताना मोजत नाही वाटतं तुम्ही?”

“चुकलं असेल,” मुकुंद म्हणाला.

“चुकलं असेल! विमानात ‘असेल’ नसतं.”

अण्णा हात धुवायला आत गेले तशी मी पुढं होऊन शेपटी पाहिली. नटावर ठिपका होता, अख्खा. फक्त तो डाळिंबी नव्हता. तांबडा होता.

 तांबडी बाटली मी नुकतीच आणली होती आणि कपाटात साड्यांच्या मागं ठेवली होती, उघडलीसुद्धा नव्हती. जाऊन बघितली तर झाकण सैल. म्हणजे कोणीतरी ठिपका फोडला, क्लिप फिरवली आणि वर नवा ठिपका देऊन ठेवला. आणि ते कोणीतरी माझं कपाट उघडणारं होतं. घरातलं.

मला भीती वाटली ती अण्णांची. त्याला कारण होतं. कारखान्यात त्यांचा एक जिवलग मित्र होता, गायधनीकाका. आम्ही समोरासमोरच्या क्वार्टरमध्ये राहायचो, दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असायची. एकदा गायधनीकाकांनी घाईत अण्णांनी तपासलेला एक नट पुन्हा सैल करून आवळला. काही वाईट झालं नाही. पण अण्णांना ठिपका तुटलेला दिसला आणि त्यांनी सरळ वर कळवलं. गायधनीकाकांची बढती अडली. त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत. आईनं हातापाया पडून सांगितलं तरी आमचं दार बंद ते बंद. ठिपक्याच्या बाबतीत अण्णा असे होते. आणि ह्या माणसाला कळलं, की ह्या घरात कोणी मुद्दाम त्यांच्या कामात हात घातलाय, तर पिशवी उचलून त्याच पावली निघतील आणि मेल्यावरसुद्धा माझं तोंड बघणार नाहीत. ते कळायच्या आत मला चोर सापडायला हवा होता.

घरात तिघंच. मी नाही. मग अण्णा की मुकुंद?

खोटं कशाला सांगू, आधी मला अण्णांवरच संशय आला. वाटलं, मुकुंद कसा कामाचा नाही हे मला दाखवायला हाच उद्योग करत असतील. लग्न चुकीचं केलंस, हे तोंडानं न बोलता सांगायची ही त्यांची रीत. ते दिवाणाशी बसून बारीक पॉलिश कागदानं तार घासत होते, मी आडून विचारून बघितलं.

“अण्णा, हे सारखं सारखं कसं काय बिघडतंय?”

“काम आहे. बिघडतं.”

“तुम्ही तपासलेलं बिघडतं?”

त्यांनी कागद थांबवला. “कुंदे, तुमच्या एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी मध्येच ऐकायची नाहीत, असा नियम आहे ना?”

“आहे.”

“मग घरीही पाळ,” ते म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

ह्याचा अर्थ काय लावायचा? आवाजात राग नव्हता. लपवाछपवी होती का? तेही कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा कान मला धड काही सांगेना. मी त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये एका सिन्नरच्या गिऱ्हाइकाला सटाण्याला जोडून दिलं आणि शिव्या खाल्ल्या.

त्याच दिवशी ड्यूटी संपल्यावर मी मुकुंदच्या दुकानात गेले. भाजी घ्यायची होती, पिशवी त्याच्याकडे होती, एवढंच निमित्त. काउंटरपाशी एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्या चष्म्याची दांडी निखळली होती. मुकुंदनं डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यानं मोहरीएवढा स्क्रू उचलला, एका झटक्यात भोकात बसवला आणि बोटांच्या टोकांत इवलासा स्क्रूड्रायव्हर फिरवला. हात इतका स्थिर की काउंटरवरचं काचेचं भांडंसुद्धा हललं नाही. आजीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खूश होऊन गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. हा माणूस दिवसभर मोहरीएवढे स्क्रू बसवतो. आणि विमानाची क्लिप दोन आटे चुकवतो? डिंक लावलेला आधार ह्याच्या हातून निखळतो? मी इतके दिवस झोपले होते की काय!

गिऱ्हाईक गेलं तशी मी काउंटरवर दोन्ही हात टेकले. अण्णांसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे, एरवी ‘तू’.

“मुकुंद, तांबडी बाटली तू घेतलीस.”

“कुठली बाटली?”

“हे बघ, मला ‘कुठली’तच कळलंय.”

त्यानं भिंग काढून खिशात ठेवलं. मग शटर अर्धं खाली ओढलं.

“अपमानाचा सूड घेतोयस का त्यांच्यावर?” मी विचारलं. “इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं, आडनावानं हाक मारतात, म्हणून? म्हाताऱ्या माणसाला असं खेळवतात का? त्यांना वाटेल आपलीच नजर गेली, आपलेच हात गेले. लाज नाही वाटत तुला?”

“झालं बोलून?”

“नाही झालं!”

“कुंदा, विमान कधीच तयार झालंय,” तो म्हणाला. “पहिल्या आठ दिवसांतच झालं होतं. त्यांनी जोडलं तेव्हाच सगळं बरोबर होतं.”

“मग?”

“मग काय? उडालं की जाणार म्हणालेत ना. मी आणायला गेलो होतो तेव्हा तू नव्हतीस. ते अंगणात जिथं पडले होते ती जागा मी पाहिलीये. चिखलात त्यांच्या मुठींच्या खुणा होत्या, गवत उपटून निघालं होतं. उठायचा प्रयत्न करत होते रात्रभर. आणि मला बघून काय म्हणाले माहितीये? ‘खैरनार, दुकान बंद ठेवून कशाला आलात?’”

मी काउंटरवरचे हात काढून घेतले.

“राहा म्हटलं असतं तर राहिले असते का? चष्मेवाल्याच्या घरात, लेकीच्या घरात? मग म्हटलं, काम आहे तोवर आहेत. काम संपू द्यायचं नाही.”

“आणि ते तुला जे बोलतात ते?”

“बोलू देत की. हाताला वळण नाही म्हणाले, एवढंच ना? माझ्या गिऱ्हाइकांना माहितीये.” आणि तो हसला, मेला. मी काउंटरवर डोकं टेकून रडले.

रडून झाल्यावर मात्र माझं डोकं चालायला लागलं. मी त्याला गायधनीकाकांची गोष्ट सांगितली. तो ऐकत ऐकत पांढरा पडला.

“रंग वेगळा आहे, मुकुंद. त्यांना आज नाही तर उद्या दिसणारच. दिसला की संपलं. रागानं गेले, तर मी त्यांना भेटायलासुद्धा जाऊ शकणार नाही. त्यापेक्षा नीट जाऊ देत, हसत जाऊ देत. मी दर रविवारी जात जाईन पिंपळगावला.”

“म्हणजे उडवायचं?”

“उडवायचं. आता हात लावलास तर बघ.”

त्यानं शब्द पाळला. अण्णांनी क्लिप सारखी केली, पोटाखालची फळी बसवली, ठिपके दिले. ह्या वेळी सगळे तांबडेच. मी येता-जाता त्यांच्यावर डोळा ठेवून होते. कोणी हात लावला नाही. अण्णांनी रविवार ठरवला आणि शनिवारी संध्याकाळी त्यांची पिशवी दाराशी येऊन बसली. मला ती ओलांडून जावं लागत होतं.

रविवारी सकाळी आम्ही ओळखीची रिक्षा सांगितली. मैदान गावाबाहेर होतं, कोरडं, एका कडेला द्राक्षबागा. तिथं विमान उडवायचं आणि तसंच अण्णांना स्टँडवर सोडायचं, असं ठरलं होतं. पिशवी त्यांनी पायाशी घेतली होती. 

मैदानात मुकुंदनं विमान जमिनीवर ठेवलं, पंख रबरांनी बांधले, इंधन भरलं. अण्णा मागं शेपटीशी जाऊन उकिडवे बसले. इंजिन सुरू करायच्या आधीची ही शेवटची तपासणी.

“डावी.”

मुकुंदनं रिमोटवरची काडी ढकलली. उभी फळी डावीकडं गेली.

“उजवी. मध्ये.”

फळी बरोबर मध्ये.

“वर. खाली.”

आडवी फळी वर गेली, खाली आली. माझे कान टवकारलेले होते. मोटरींचा गुणगुणाट नाही, काही नाही. लांबून एक कुत्रं भुंकत होतं तेवढंच.

“परत,” अण्णा म्हणाले.

पुन्हा डावी, उजवी, वर, खाली. सुरेख.

“परत.”

तिसऱ्यांदा झालं. अण्णा उठेनात. त्यांनी मान वर करून मैदानाकडे पाहिलं, मग रिक्षाकडे, मग पुन्हा शेपटीकडे. आणि म्हणाले, “अडकतंय.”

मुकुंदचा चेहरा उतरला. “नाही हो अण्णा, कसं अडकेल? शप्पथ, ह्या खेपेला मी काही...”

तो तिथंच थांबला.  झालं, म्हटलं, तोंडातून निघालंच.

अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “ह्या खेपेला तुम्ही काही केलेलं नाही, ते मला माहितीये. मागच्या दोन्ही वेळा केलंत, तेही माहितीये.”

 मुकुंद हातात रिमोट घेऊन नुसता उभा होता, शाळेत पकडलेल्या मुलासारखा.

“अण्णा...” मी म्हणाले.

“तू बघ ये. अडकतंय की नाही ते सांग.”

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. मुकुंदनं काडी ढकलली. मी आडव्या फळीवर हलकं बोट ठेवलं. फळी वर गेली, खाली आली, माझ्या बोटाला साधा हिसकासुद्धा बसला नाही. पोटातली मोटर चूप होती. कुठंही काहीही अडकत नव्हतं.

मी अण्णांकडे पाहिलं. ज्यांनी जिवलग मित्राचा एक नट सोडला नाही, जे आयुष्यात बरोबर जोडणीला चूक आणि चूक जोडणीला बरोबर म्हणाले नाहीत, ते नुसते त्या नटाकडे बघत बसले होते. ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांना खोटं बोलायची सवयच नव्हती, बिचाऱ्यांना धड जमतही नव्हतं.

“हो अण्णा,” मी म्हणाले.  “अडकतंय की.”

“बघा,” ते मुकुंदला म्हणाले. “म्हटलं नव्हतं?”

“हो,” मुकुंद म्हणाला. “मला दिसलंच नाही.”

अण्णांनी हात पुढं केला, नखानं नटावरचा तांबडा ठिपका खरवडून टाकला आणि त्यांनीच आवळलेली क्लिप त्यांनीच सोडवली. तार मोकळी झाली.

“सगळं उघडावं लागणार. पाइप दुसऱ्या अंगानं नेऊन बघू.”

“किती दिवस लागतील?” मी विचारलं.

“ते आत्ता कसं सांगू? घाई करून होणारं काम आहे का हे?” ते माझ्यावर खेकसले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. मुकुंदनं पुढं होऊन दंड धरला, तर त्यांनी तो धरू दिला.

आम्ही विमान उचलून रिक्षापाशी आलो. रिक्षावाला बिडी विझवून म्हणाला, “झालं का, काका? आता स्टँडवर ना?”

“घरी चला,” अण्णा म्हणाले. “आणि वळवताना जरा जपून, शेपटी बाहेर राहतीये.”